पान दोनशे बारावरची टाचणी

बसा, बसा. घाई असली तरी बसा, कारण ही गोष्ट उभ्या-उभ्या ऐकण्यासारखी नाही. एका टाचणीची गोष्ट आहे. टाचणी ती केवढी, पण तिच्यापायी एक आजोबा आणि त्यांची नात आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, आणि चाळीस वर्षं तोंड मिटून धंदा केलेल्या माणसाला भर वाचनालयात तोंड उघडावं लागलं. पदरचं काही घातलं असं वाटलं तर मध्येच थांबवा मला.

तर एक टेलर होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. लहानपणी शाळेतल्या मास्तरांना घाबरून ते चौथीतून पळाले, आणि पुढं जन्मभर स्वतःच मास्तर म्हणवून घेतलं. दुकान म्हणजे एक खोली. दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात पारा उडालेला आरसा. एका मशीनवर मास्तर, आणि खिडकीपाशी स्टुलावर त्यांची बायको, काज-बटणं करत. दुपारी शाळा सुटली की मुलीची मुलगी तिथं यायची. तिची आई दवाखान्यात नर्स, ती सहाला सुटायची, तोवर पोरगी दुकानात. वय तेरा. नाव चांगलं ठेवलेलं होतं, पण जीभ अशी चालायची की मास्तर तिला कात्रीच म्हणायचे.

ही कात्री कापडाच्या गठ्ठ्यावर चढून बसायची आणि वाचायची. वाचनालयातून आणलेली पुस्तकं. आधी चित्रांची, सुपरहिरोंची. मग जाडजूड कादंबऱ्या, तिच्या वयाच्या पोरांसाठी लिहिलेल्या. वाचून झालं की पुस्तक टेबलावर टाकायची. इस्त्री तापेपर्यंत मास्तरांना काम नसायचं. हाताशी पुस्तक, डोळ्यांवर चष्मा. आधी नुसती चित्रं बघायचे, मग अक्षरं जुळवायला लागले, आणि वर्षभरात अशी गोडी लागली की इस्त्री तापून धूर निघाला तरी पत्ता नसायचा.

आणि मतं! मास्तरांची मतं म्हणजे सगळी टेलरच्या डोळ्यांनी.

"काय गं हे? हा माणूस पुन्हा फाटला."

"आजोबा, तो उल्कावीर आहे. त्यानं आत्ता अख्खं धरण हातानं थोपवलंय."

"थोपवू दे की. पण मागच्या पानावर छातीशी वीतभर फाटलेला, आणि ह्या पानावर कोरा करकरीत? शिवला कुणी? टाकला कधी, आणला कधी?"

"त्याचं कापड खास असतं."

"खास कापडाला तर जास्त वेळ लागतो. सुई मोडते खास कापडात." मास्तर चष्मा कपाळावर चढवायचे. "तेवीस अंक वाचले मी ह्याचे. त्यात चार शास्त्रज्ञ आहेत, एक वार्ताहर बाई आहे, दोन वेडे राजे आहेत, एक बोलणारं माकड आहे. एक टेलर नाही! आठवड्याला तीन कपडे फाडतो हा, आणि माकडाला जागा आहे, टेलरला नाही."

"आणि खिसे?" खिडकीपाशी आजी दोरा तोडत म्हणायच्या. त्या वाचायच्या नाहीत, पण नवऱ्याला पुरवायच्या.

"तेच! एक खिसा नाही अंगावर. घराची किल्ली कुठं ठेवतो?"

"त्याला किल्ली कशाला हवी? तो खिडकीतून उडत जातो."

"म्हणजे दिवसभर खिडकी उघडी टाकून हिंडतो. आणि हा चोर पकडणार! आणि हा पाठीवरचा पडदा बघ. एकदा लिफ्टच्या दारात सापडू दे, संपला उल्कावीर."

कात्री चिडायची, पण वरवर. खरं म्हणजे पुस्तक संपवून ती वाटच बघायची, आजोबा काय म्हणतात याची. वर्गात कुणी असं बोलायचं नाही. वर्गातली पोरं म्हणायची 'भारी आहे' नाहीतर 'बोअर आहे', संपलं.

कादंबऱ्यांवर मास्तर जरा दबकून बोलायचे. सगळ्यात लाडकी होती 'सोळा दरवाजे'. एक शहर, त्याला सोळा दरवाजे, सगळे बंद. एक सोळा वर्षांची पोरगी ते उघडायला निघते. एका भागात एक दरवाजा. "लेखिकेनं म्हातारपणाची सोय करून ठेवलीय," मास्तर म्हणायचे. आई-बाप पहिल्याच भागात मेलेले. "मारावेच लागतात. आई असती तर संध्याकाळी सातच्या आत घरात घेतलं असतं, मग कुठले दरवाजे?" पोरीच्या मागं दोन मुलगे, एक हसरा, एक घुम्या. "हसऱ्याचं काही खरं नाही. बघ तू, घुम्याशीच जमणार." आणि ती पोरगी पाच मीटर घेराचा झगा घालून तटावर चढायची, तेव्हा तर मास्तर जागेवरून उठायचे. "दुमड घाल गं, अडकशील," असं मोठ्यानं म्हणायचे. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी.

आता टाचणीकडे येतो.

मास्तरांची कामाची एक रीत होती. गिऱ्हाईक अंगावर कपडा चढवून बघून गेलं की जिथं चूक असेल तिथं ते चिठ्ठी टोचायचे. जुन्या कॅलेंडरचे कागद कापून केलेल्या चिठ्ठ्या. 'बगल काचते.' 'पोट सुटलंय, दोन इंच सोडा.' आणि जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर शेवटी दोन शब्द: 'बोलायचं नाही.' हा मास्तरांचा धर्म. गिऱ्हाइकाचं पोट, पोक, एक पाय आखूड, जे काही असेल ते टेलरनं बघायचं, कापडात झाकायचं आणि तोंडानं कधी काढायचं नाही. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की आपण मुळातच असे सुरेख. चाळीस वर्षांत मास्तरांनी कुणाला 'तुमचं पोट' असा शब्द म्हटला नव्हता. 'कापड जरा आटलंय' म्हणायचे.

हीच रीत हाताला इतकी बसली होती की पुस्तक वाचतानाही चूक दिसली की चिठ्ठी टोचली. 'हा इथं उगाच रडतो.' 'हिला कुणीतरी जेवायला द्या, तीन दिवस पळतेय.' कात्री वैतागायची. "आजोबा, वाचनालयाचं पुस्तक आहे! टोचायचं नसतं!" पण चिठ्ठ्या मात्र वाचून हसायची, आणि पुस्तक परत करायच्या आधी एकेक टाचणी काढून पानावरची भोकं नखानं घासून बुजवायची.

वाचनालयाचा नियम कडक होता. दारातच पाटी: पुस्तकाला मुद्दाम इजा केल्यास कार्ड एक वर्ष बंद. चुकून झाल्यास ताकीद. आणि ते 'मुद्दाम' की 'चुकून' हे ठरवणार ग्रंथपाल बाई. तीस वर्षं त्या टेबलामागे बसलेल्या. हसताना कुणी बघितलं नव्हतं. पुस्तकांचा गठ्ठा कायम डाव्या हातावर, त्यानं डावा खांदा उतरलेला आणि पाठीला जरासा बाक.

आणि कार्ड कात्रीसाठी म्हणजे काय होतं, ते सांगतो. 'सोळा दरवाज्यां'चा सहावा भाग यायचा होता. वाचनालयात एकच प्रत येणार. त्यासाठी यादी. पाच महिने आधी जाऊन, शाळेतून पळत जाऊन, कात्रीनं यादीत पहिला नंबर लावला होता. पहिला! झोपेत विचारलं तरी सांगायची.

त्या आठवड्यात मास्तर पाचवा भाग वाचत होते. कात्रीचा वाचून झालेला, चिठ्ठ्या काढलेल्या. मास्तरांची शेवटची वीस पानं राहिली होती.

"परवा परत करायचंय हं. आता एकही चिठ्ठी लावायची नाही. शब्द द्या."

"दिला."

"आजोबा, नीट द्या."

"अगं दिला म्हटलं ना. टाचण्यांची डबी आजीकडे देतो, मग तर झालं?"

डबी दिलीही. पण टेलरच्या शर्टाच्या कॉलरला चार टाचण्या कायम टोचलेल्या असतात, हे त्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर डावीकडे पाचवा भाग, उजवीकडे ग्रंथपाल बाईंचा करडा कोट. बाई सकाळीच येऊन गेल्या होत्या, "सगळीकडून कसातरी बसतो" म्हणाल्या होत्या. मास्तर म्हणाले होते, "कापड आटलंय." त्या गेल्यावर चिठ्ठी लिहून ठेवली, आणि इस्त्री तापेपर्यंत पुस्तक उघडलं.

पान दोनशे बारा. सहाव्या दरवाज्याची पहारेकरीण. चार भाग झाले, ही बाई दाराशी उभी, सगळ्यांवर खेकसणारी, कुणाला आत सोडत नाही. आणि ह्या पानावर कळतं की तिची स्वतःची मुलगी दाराच्या पलीकडे अडकलीय. वीस वर्षं. किल्ली हिच्याच कमरेला, आणि हुकूम उघडायचा नाही असा.

मास्तरांचे डोळे भरले. चष्मा काढला, पुसला, तरी काही दिसेना. तशातच त्यांनी चिठ्ठी लिहिली, कॉलरची टाचणी उपसली, शेजारची दुसरी चिठ्ठी उचलली, तिलाही टाचणी लावली. एक पुस्तकाला, एक कोटाला. चाळीस वर्षांची सवय, हात आपले आपण चालले. मग त्याच ओल्या डोळ्यांनी कोटाच्या खांद्यात आतून कापसाचा पातळ थर भरला, पाठीची शिवण उसवून पुन्हा घातली, इस्त्री केली, आणि आजींनी कोट चिठ्ठीसकट घडी घालून पिशवीत टाकला. संध्याकाळी बाई कोट घेऊन गेल्या. सकाळी कात्री पुस्तक घेऊन गेली.

दुपारी कात्री दुकानात आली ती दप्तर आपटतच.

"कार्ड बंद! एक वर्ष! टाचणी होती आत! बाईंच्या बोटात घुसली, रक्त आलं!"

मास्तरांनी कॉलर चाचपली. चारातल्या दोनच टाचण्या होत्या.

"आणि चिठ्ठी काय लिहिलीत? 'डावा खांदा पाऊण इंच उतरलाय, पाठीला बाक आहे'! दोनशे बारा पानावर कुणाचा खांदा उतरलाय, आजोबा?"

मास्तर मटकन स्टुलावर बसले. खिडकीपाशी आजींची सुई थांबली.

"अहो," त्या सावकाश म्हणाल्या, "ती तर कोटाची चिठ्ठी. मग कोटावर काय गेलं?"

मास्तर चष्मा पुसू लागले.

"अहो, मी विचारतेय. पहारेकरणीबद्दल काय लिहिलं होतंत?"

मास्तरांनी भिंतीकडे बघत सांगितलं. "'वरून खडूस. आत माया आहे, पण कुलूप घालून ठेवलीय.'"

आजी इतक्या हसल्या की मांडीवरची बटणांची वाटी उपडी झाली. कात्री मात्र हसली नाही. तिनं आजोबांकडे एकदा बघितलं, म्हणाली, "शब्द दिला होतात," आणि गठ्ठ्यावर भिंतीकडे तोंड करून बसली. ती बोलायची थांबली.

त्या पोरीचं न बोलणं म्हणजे दुकानातलं एक मशीन बंद पडल्यासारखं होतं. पहिला दिवस मास्तरांनी रेटला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "ह्या उल्कावीराला मी बाह्या लांड्या करून दिल्या असत्या." कात्री भिंतीवरचा पोपडा नखानं उचकटत राहिली. तिसऱ्या दिवशी बिनचुकीची पँट उसवून पुन्हा शिवली.

"जा की वाचनालयात," आजी म्हणाल्या. "सांगा, चुकून झालं. चुकून झालं तर ताकीदच मिळते ना?"

"चुकून झालं हे पटवायला अदलाबदल सांगावी लागेल."

"मग सांगा."

"अगं, अदलाबदल सांगितली म्हणजे उतरलेला खांदा त्यांचा, हे सांगावं लागेल. त्यांच्या तोंडावर! चाळीस वर्षांत मी कुणाला..."

"आता त्यांना वाटतंय तुम्ही त्यांना खडूस म्हटलंत. ते बरं आहे का?"

"ते परवडलं. खडूस म्हटलं तर माणूस रागावतो, दोन दिवसांनी विसरतो. पोक म्हटलं की जन्मभर आरशात तेच बघतो."

बघा म्हणजे कोंडी. एकीकडे धंद्याचा धर्म, दुसरीकडे भिंतीकडे तोंड करून बसलेली पोरगी. मास्तरांनी चार दिवस पळवाटा शोधल्या. एक पत्र लिहिलं, त्यात 'चूक झाली' याच्यापुढं काय लिहायचं ते सुचेना. एक दिवस वाचनालयाच्या दारापर्यंत गेले आणि पाटी वाचून परत आले. आठव्या दिवशी कात्री घरून एक वही घेऊन आली आणि गठ्ठ्यावर बसून तिनं यादी काढली. वर्ष संपेपर्यंत कुठलं कुठलं पुस्तक हुकणार त्याची. सहावा भाग वर लिहून त्याच्यावर तिनं काट मारली. मास्तरांनी ती काट बघितली. टेप गळ्यात तसाच ठेवून ते उठले आणि चालू लागले.

वाचनालयात पाच-सहा माणसं रांगेत. बाई करडा कोट घालूनच बसलेल्या. बोटाला पट्टी.

"बाई, टाचणी माझी."

"माहीत आहे." बाईंनी खण उघडला आणि दोन्ही चिठ्ठ्या शेजारीशेजारी ठेवल्या. "अक्षरही तुमचं आहे. आजोबा कोटावर लिहितात, पुस्तकात लिहितात. घरी भिंतीवरही लिहीत असाल माझ्याबद्दल."

"बाई, मुद्दाम नाही. चुकून झालं."

"खडूस हे चुकून लिहिता येतं?"

"ते... ते तुमच्याबद्दल नाही. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली."

"म्हणजे?"

रांगेतली माणसं कान टवकारून. मास्तर पुढं वाकून अगदी हळू म्हणाले, "म्हणजे कोटावर गेली ती पुस्तकाची चिठ्ठी. आणि पुस्तकात गेली ती... कोटाची."

बाईंनी दोन्ही चिठ्ठ्यांवर नजर फिरवली. एकदा, दोनदा.

"म्हणजे खडूस ती पुस्तकातली कोणीतरी."

"हो."

"आणि उतरलेला खांदा माझा."

मास्तरांनी मान खाली घातली. "हो बाई."

"आणि हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय?"

रांगेत कुणीतरी खोकलं. पण आता तोंड उघडलंच होतं. "बाई, चिठ्ठी पुरती वाचा. 'बोलायचं नाही' असं लिहिलंय खाली. 'आतून भरून काढा' असंही. आणि मी भरलाय. त्या काचेच्या कपाटात बघा एकदा. उभ्या राहा. बघा तर खरं."

बाई रागानंच उठल्या. कपाटाच्या काचेत बघितलं. डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या.

"आठ दिवस," त्या काचेकडे बघतच म्हणाल्या, "शिपाई विचारतोय, बाई, उंची वाढली का? मी म्हटलं, चपला नव्या आहेत." मग कॉलर नीट करत, "बहीणसुद्धा म्हणाली, बरी दिसतेस. मला वाटलं, हिला काहीतरी हवंय."

"खांदा उतरलाय तो पुस्तकं वाहून," मास्तर म्हणाले. "ते काय लाजायचं कारण नाही. माझी पाठ बघा, मशीनवर वाकून पार कमान झालीय. माझ्या शर्टात कोण भरणार?"

बाई हसल्या नाहीत, पण चेहऱ्याची घडी जरा सैल झाली. तरी खुर्चीत बसल्यावर पुन्हा ग्रंथपाल झाल्या. "पण पुरावा काय? पुस्तकात खरंच अशी कुणी आहे?"

"पान दोनशे बारा. पहारेकरीण."

"मी असली पुस्तकं वाचत नाही. तीस वर्षं शिक्के मारलेत नुसते. सोळा वर्षांची पोरगी, दोन मुलगे, आणि जग बुडायला आलेलं."

"मीही तेच म्हणतो, बाई. पण वाचून म्हणतो."

बाईंनी शेल्फवरून पाचवा भाग काढला. उभ्याउभ्याच पान उघडलं. वाचलं. पान उलटलं. मग खुर्चीवर बसल्या. आणखी एक पान. रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "बाई, माझ्या पुस्तकावर शिक्का..."

"थांबा हो जरा."

आणखी चार पानं गेली. मास्तर गळ्यातला टेप गुंडाळत उभे. शेवटी बाईंनी मान वर केली. डोळे लाल, आवाज चढलेला.

"ही खडूस नाहीये! हिला हुकूम आहे. नियम पाळला म्हणून ही वाईट, आणि ती पोरगी कुलपं फोडत सुटलीय ती शूर?"

"आत माया आहे, असं लिहिलंय की मी."

"आधी 'खडूस' लिहिलंय! दार उघडते का ही?"

"दाराला हात लावते. आणि भाग संपतो."

"असा कसा संपवतात? मुलगी आत आहे ना तिची!"

"सहाव्यात कळेल म्हणतात."

बाईंनी खाडकन खण ओढला, कात्रीचं कार्ड काढलं, त्यावर 'चुकून' असं लिहिलं आणि शिक्का मारला. "ताकीद देतेय. तिला नाही, तुम्हाला. पुन्हा टाचणी नको. कागद नुसता ठेवा मध्ये." मास्तरांना वाटलं, दोन्ही हात जोडून नमस्कार करावा. पण बाईंचा चेहरा पडला. "फक्त एक झालंय. सहावा भाग परवाच आला. पहिल्या नंबराचं कार्ड बंद होतं, म्हणून दुसऱ्या नंबराला दिला."

"दिला?"

"नियम आहे."

"कुणाला?"

"नाव सांगता येत नाही. तोही नियम आहे." आणि पहिल्यांदाच त्या नियमाचा बाईंना स्वतःला राग आलेला दिसला.

मास्तर दुकानात आले. कार्ड गठ्ठ्यावर ठेवलं, जे झालं ते सगळं सांगितलं, सहावा भाग गेला तेही. कात्रीनं कार्ड उचललं, पुसलं, खिशात घातलं. आणि पुन्हा भिंतीकडे वळली. मास्तर मशीनवर बसले. पाय चालवला. मग सुईत बघत, जणू स्वतःशीच, म्हणाले, "गेला तर गेला. काय व्हायचंय ते कळतंयच. पहारेकरीण दार उघडणार आणि घुम्या मरणार."

"घुम्या मरणार नाही!"

मास्तरांनी मान वर केली नाही. "मरणार. पहिल्या भागापासून त्याच्या कोटाचं बटण तुटलेलं आहे. कुणी लावून देत नाही. असल्या माणसाला लेखक जगू देत नाही."

"आजोबा, तुम्हाला काही कळत नाही! बटण ती लावणार आहे त्याला! म्हणून तर ते अजून तुटलेलं ठेवलंय! आणि हसरा आहे ना, तोच फितूर आहे, चौथ्या भागात त्यानं..." आणि सुटली. आठ दिवसांचं साठलेलं, एका दमात. आजींनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, "चला, मशीन चालू झालं."

आता झालं असं की बाईंनी दहा दिवसांत पाचही भाग वाचून काढले. तपासणीसाठी, म्हणतात. सहाव्याच्या यादीत नाव घातलं, पण नियमानं, कात्रीच्या मागं. त्यांच्या मागं मास्तर. मास्तरांनी स्वतःचं कार्ड काढलं. संध्याकाळी बाई दुकानात येतात, हातात शिवायला काही नसतं, गठ्ठ्यावर कात्रीशेजारी बसतात आणि तिघांचं भांडण सुरू होतं. दार उघडतं की नाही? आजी मध्येच विचारतात, "त्या मुलीला आत जेवण कोण देतं?" आणि पुन्हा सगळे तिकडे वळतात.

पण पुस्तक काही परत येत नाही. मुदत पंधरा दिवसांची. आज सव्वा महिना झाला. पत्रं गेली, उत्तर नाही. बाई नाव सांगत नाहीत, मास्तर विचारत नाहीत, कात्री रोज सकाळी शाळेत जाता जाता वाचनालयाच्या खिडकीतून शेल्फ बघून जाते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मला का सांगतोय हा माणूस. रागवू नका. पण तुमच्या पिशवीचं तोंड उघडं आहे, आणि आतलं निळं पुस्तक मला मघापासून दिसतंय. पाठीवर सहाचा आकडा आहे.

नाही, नाही, लाजू नका. आवडलेलं पुस्तक हातातून सुटत नाही, होतं असं. वाचनालय सहापर्यंत उघडं असतं, आत्ता निघालात तर पोचाल. बाई रागावतील, पण फार नाही, तुम्ही नुसतं कोट छान बसलाय म्हणा. फक्त जायच्या आधी माझं एवढं ऐका. जरा इकडे सरका, आणि मला एकट्याला, कानात सांगा: उघडते का हो ती दार?